मोबाईलवर उणे ४० दिसतंय आणि गॅरेजवाला म्हणतो हेड उतरवा – नक्की गेलंय काय?

चहाबाज_कोथरूड
मंडळी, जरा मदत हवीय. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किमी. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद "ती घेतलीच कशाला"चे येतील.

गेले तीन आठवडे चावी फिरवली की रेडिएटरचा फॅन फुल स्पीडला सुरू होतो, इंजिन चालूसुद्धा झालेलं नसतं. शेजारचे विचारतात विमान कधी घेतलंत. ॲव्हरेज १७ वरून १२वर आलंय. चेक इंजिनचा दिवा येतो, दोन दिवसांनी आपोआप जातो, परत येतो. मागच्या शनिवारी कराडला जाताना खंबाटकी चढून सुरूरला चहाला थांबलो, वीस मिनिटांनी निघायला गेलो तर स्टार्टर मारतोय मारतोय, पेट्रोलचा घमघमाट, सहाव्यांदा कुठे घेतली. गाडीला टेम्परेचरचा काटा नाही, नुसता निळा आणि लाल दिवा.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०११८ आणि खाली लिहिलेलं, 'इंजिन कूलंट टेम्परेचर सर्किट हाय'. तो म्हणाला बघा साहेब, टेम्परेचर हाय येतंय, फॅन काय उगाच फिरतोय का, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलं, हेड उतरवून प्लेन करावं लागेल, ३२ हजार धरून चाला. मी विचार करून सांगतो म्हणून गाडी घेऊन आलो. पण कूलंट एक थेंब कमी झालेलं नाही हो! मग ७०० रुपयांचं ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर सॉकेटमध्ये लावून सेन्सरचे आकडे मोबाईलवर दाखवतं ते) मागवलं आणि मोबाईलवर बघत बसलो तर ८८, ९०, ९१ आणि एकदम उणे ४०! परत ९०. पुण्यात उणे ४०??

नुसता सेन्सर बदलू का? का खरंच हेड गेलंय? वायरिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही.

बंडू_स्पॅनर
सेन्सर बदला, विषय संपवा. ५००-६०० रुपयांची वस्तू. नाना पेठेत कुठल्याही दुकानात मिळेल.

खिडकीतली_सीट
३२ हजार?! तेवढ्यात माझी पहिली स्कूटर आली होती आणि वर हेल्मेट.

ओहमकार
थांबा, आधी एक महत्त्वाचं. त्या कोडमधला 'हाय' टेम्परेचरचा नाहीये, व्होल्टेजचा आहे. तुमच्या गॅरेजवाल्यानं नेमकं उलटं वाचलं.

हा सेन्सर म्हणजे पितळेच्या बोंडात बसवलेला एक थर्मिस्टर. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. २० अंशाला साधारण अडीच किलोओम, ८० अंशाला ३००च्या आसपास, १०० अंशाला २०० ओमच्या आत-बाहेर (गाडीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे). ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो, ते सेन्सरमधून ग्राउंडला (म्हणजे मायनसला) जातात आणि मधल्या व्होल्टेजवरून तो टेम्परेचर काढतो. इंजिन जितकं गार तितकं व्होल्टेज चढं. आता तार तुटली किंवा कपलर (तारेच्या टोकाचा, सेन्सरवर बसणारा प्लग) सुटला तर रेझिस्टन्स अनंत, व्होल्टेज पूर्ण ५, मग ईसीयूला वाटतं जगातली सगळ्यात गार गाडी हीच. त्याच्या तक्त्याचं तळाचं टोक उणे ४०, म्हणून ते दिसतं. तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या असत्या तर पी०११७ 'लो' आला असता आणि आकडा १३०-१४०च्या वर गेला असता. म्हणजे गंमत बघा, 'हाय' आला की गार आणि 'लो' आला की गरम.

बाकी लक्षणंही जुळतात. ईसीयूला वाटलं उणे ४० की तो भरमसाट पेट्रोल ओततो, म्हणून सुरूरला गरम इंजिन पेट्रोलनं गुदमरलं आणि ॲव्हरेज बसलं. एकदा का त्याची खात्री पटली की सेन्सरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, की तो मनानेच एक आकडा धरून चालतो आणि इंजिन जळू नये म्हणून फॅन सरळ फुल सोडतो. फॅन फिरतोय म्हणजे गाडी तापलीय असं नाही, ईसीयू घाबरलाय.

चहाबाज_कोथरूड
दंडवत घ्या! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं.

बंडू_स्पॅनर
मग मी काय वेगळं म्हणालो? सेन्सर बदला.

ओहमकार
@बंडू, सेन्सर असू शकतो, पण कपलर असू शकतो, तार असू शकते, ग्राउंड असू शकतं. कोड 'सर्किट' म्हणतोय, 'सेन्सर' नाही. न तपासता बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

घाटमाथा
+१. आणि साधा हिशेब करा. ९१ वरून उणे ४० म्हणजे १३१ अंशांची उडी, तीसुद्धा एका सेकंदात. गाडीत पाच लिटर कूलंट धरा. नुसतं तेवढं पाणी-कूलंट एका सेकंदात इतकं गार करायला दोन हजार किलोवॅटच्या वर लागतील, लोखंड-ॲल्युमिनियम सोडाच. तुमच्या इंजिनाची सगळी ताकद मिळून ६०-६५ किलोवॅट असेल. पाण्याचं टेम्परेचर चढतं आणि उतरतं, उडी मारत नाही. आकड्यानं उडी मारली की समजायचं भानगड विजेची आहे.

विनिपेगकर
आमच्याकडे कधीमधी खरंच उणे ४० च्या आसपास जातं, तेव्हा सकाळी डोंगल लावलं की आकडा खरा का खोटा हाच प्रश्न पडतो. :) बरं, उणे ४० सेल्सिअस आणि उणे ४० फॅरनहाइट एकच, त्यामुळे ॲपमध्ये सेटिंग कुठलंही असो, तुटलेली तार तोच आकडा दाखवते. इथे गाडीला ब्लॉक हीटर असतो, रात्री बंपरमधून लोंबणारी वायर भिंतीच्या प्लगमध्ये खुपसायची. पहिल्या वर्षी आई आली होती, म्हणाली गाडी चार्जिंगला लावलीस का.

खिडकीतली_सीट
आई काळाच्या पुढे होत्या.

जुना_चालक_सातारा
तुमचं सगळं वाचतोय आणि हसू येतंय. आमच्या गाडीला सेन्सर नव्हता आणि ईसीयूही नव्हता, एक काटा होता आणि मागच्या सीटखाली पाण्याचा पाच लिटरचा कॅन. घाटात दर वळणावर एक गाडी बॉनेट उघडून उभी असायची आणि लोक आपसात पाणी वाटून घ्यायचे, त्यातून सोयरिकीसुद्धा जमल्या असतील. एकदा सातारच्याच एका मेस्त्रीनं मला सांगितलं, साहेब हा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह म्हणजे परदेशातल्या थंडीसाठी, आपल्याकडे नुसता अडथळा, काढून टाका. टाकला. गाडी तापायची थांबली, मी खूष. पण काटा कधी मधोमध येईच ना, ॲव्हरेज घसरलं, आणि वर्षभरानं ऑइलचं झाकण उघडलं तर आत लोण्यासारखं पिवळं. मला वाटलं हेड गेलं. दुसऱ्या मेस्त्रीनं बघून सांगितलं की इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आतली वाफ उडून जात नाही, ती ऑइलमध्ये कालवली जाते. व्हॉल्व्ह परत बसवला. त्यात म्हणे मेण असतं, ८२ का ८८ अंशाला वितळून फुगतं आणि झडप उघडतं. एवढ्याशा मेणाच्या गोळीला मी अडथळा म्हणत होतो.

विनिपेगकर
काका, अगदी बरोबर. आणि आत्ताच्या गाड्यांत व्हॉल्व्ह उघडा अडकला तर पी०१२८ येतो. तिथे सेन्सर खरं बोलत असतो, इंजिन खरंच गार असतं. लोक तिथेही सेन्सरच बदलतात, आणि नवा सेन्सरही तेच सांगतो.

वैदर्भी
सगळे सेन्सरच्या निर्दोषपणाबद्दल बोलताहेत म्हणून माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अमरावतीहून नागपूरला येत होते, बाहेर ४४, एसी चालू, मुलं मागे झोपलेली. काटा छान मधोमध. मग जरा खालीच आला. मला वाटलं वा, इंजिन थंड चाललंय. दहा मिनिटांनी ताकद गेली, एसी गरम हवा फेकायला लागला आणि बॉनेटमधून धूर. खालचा होज फाटून सगळं कूलंट रस्त्यावर सांडलं होतं. सेन्सरच्या टोकाला पाणीच उरलं नव्हतं, तो बापडा हवेचं टेम्परेचर सांगत होता. सेन्सर चांगला, तार चांगली, आकडा चुकीचा, आणि हेड वाकलं ते वाकलंच. मला लागलेले पैसे लिहीत नाही, नवऱ्याला अजून खरा आकडा माहीत नाही.

म्हणून चहाबाज, मीटर-बिटर घेण्याआधी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून पाणी आहे का ते डोळ्यांनी बघा. बाजूच्या बाटलीवर जाऊ नका, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं.

ओहमकार
ताई, हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, धन्यवाद. गरम असताना मात्र झाकणाला हात लावू नका, आत दाब असतो, अंगावर येतं.

चहाबाज_कोथरूड
आत्ता बघून आलो. काठोकाठ हिरवंगार. ऑइलच्या झाकणाखालीही लोणी-बिणी नाही.

बेरकी_म्हापसा
कपलर काढून पिना बघा. आमच्याकडे खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडतात. माझ्या गाडीला कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले आणि झालं. पावसाळ्यानंतर दरवर्षीचं आहे हे.

उंदीरमामा
माझा अनुभव: उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेल तर ९० टक्के उंदीर.

खिडकीतली_सीट
आयडी बघता आपण पक्षकार आहात की वकील?

उंदीरमामा
:) पीडित आहे हो. तंबाखूची पानं ठेवली, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, पुदिन्याचा स्प्रे मारला. उंदरानं तंबाखूच्या पानाचं एअर फिल्टरमध्ये घर केलं. शेवटी बॉनेटखाली रात्रभर बारीक दिवा लावून ठेवतो आणि मांजरीला दूध घालतो. मांजर आता बॉनेटवर झोपते, सगळीकडे ओरखडे.

जुना_चालक_सातारा
रोज गाडी चालवा, उंदीर येत नाही. महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्यांच्याच गाडीत उंदीर शिरतो.

घाटमाथा
धागा उंदरांनी कुरतडायच्या आत मुद्द्यावर या. चहाबाज, घरी मल्टीमीटर आहे का? ३००चा चायनीज चालेल. उद्या सकाळी आधी एक फुकटची टेस्ट करा. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि मोबाईलवर कूलंटचं आणि इनटेक एअरचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) टेम्परेचर शेजारी शेजारी बघा. दोन्ही बाहेरच्या हवेइतकी हवीत, दोन-तीन अंश इकडे तिकडे.

चहाबाज_कोथरूड
सकाळी ६:४०चा विदा. इनटेक एअर १४. कूलंट १५. छान! मग बॉनेट जरा जोरात आपटलं तर कूलंट उणे ४०. परत आपटलं, १५.

घाटमाथा
हाहाहा, पेशंट नाटकी आहे. म्हणजे कनेक्शन लागतं तेव्हा आकडे बरोबर, पण ते मधेच सुटतंय. सेन्सर शक्यतो निर्दोष.

बंडू_स्पॅनर
सेन्सर आतूनही सुटतो. मी पाहिलेत तसे. बदलून बघायला काय जातं?

ओहमकार
बंडूचं तसं खोटं नाही, आतूनही सुटतो. म्हणून काढून पातेल्यात उकळा. पाण्यात सेन्सर, सोबत थर्मामीटर, पिनांना मीटर. भांडं जुनं घ्या.

चहाबाज_कोथरूड
केलं. सेन्सर काढताना अर्धा पेला कूलंट सांडलं, नवीन ओरिंग दहा रुपयांची आणली. आईनं विचारलं काय शिजवतोयस, म्हटलं गाडी. तिनं एक जुनं पातेलं दिलं आणि सांगितलं की हे आता परत घरात आणायचं नाही.

आकडे: २७ अंशाला १.९ किलोओम. ६० ला ५८५ ओम. ८० ला ३२०. पूर्ण उकळल्यावर १९५, थर्मामीटर ९८ च्या वर जाईना, आधी वाटलं तोही बिघडला की काय, मग आठवलं पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. उकळत्या पाण्यात सेन्सर चमच्यानं ठोकून, वायर हलवून बघितलं, एकदाही आकडा उडाला नाही.

ओहमकार
एकदम तक्त्यातले आकडे. सेन्सरची निर्दोष मुक्तता. बंडूशेठ?

बंडू_स्पॅनर
बरं बाबा. ६०० वाचले, पार्टी द्या.

ओहमकार
आता गाडीकडच्या कपलरवर या. चावी ऑन ठेवा. बॅटरीच्या मायनसला काळी प्रोब लावून कपलरच्या दोन पिनांपैकी एकीवर ५ व्होल्ट यायला हवेत. मग काळी प्रोब तिथून काढून कपलरच्या दुसऱ्या पिनेला लावा, तरी ५च हवेत. आणि एक विनंती, कुठल्याही वायरमनला तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प लावू देऊ नका. तो बल्ब ईसीयूच्या त्या नाजूक सर्किटमधून नको तेवढा करंट ओढू शकतो, मग ३२ हजारसुद्धा स्वस्त वाटतील.

चहाबाज_कोथरूड
पहिल्या पिनेवर बॅटरी मायनस धरून ५.०१. स्थिर. मग दोन्ही पिनांमध्ये ४.९८... वायरिंगला हात लागला आणि ०.३, मग परत ४.९८. हात काढला, बरोबर. परत हलवलं, गेलं. काय समजायचं?

ओहमकार
सापडलं! ५ व्होल्टची तार जिवंत आहे, ग्राउंडची तार मधेच तुटतेय. आता ही ग्राउंडची तार बहुतेक गाड्यांत इतर सेन्सरांबरोबर वाटून घेतलेली असते, पण तुमचा इनटेक एअरचा आकडा सकाळी अजिबात हलला नाही ना? म्हणजे ईसीयूपासून सामाईक जोडापर्यंत सगळं ठीक. जोड ते कपलर एवढ्याच तुकड्यात शोधा. फूट-दोन फूट असेल.

घाटमाथा
ज्या जागी हात लागला तिथेच बघा. इन्सुलेशन वरून शाबूत दिसेल, आतलं तांबं तुटलेलं असेल. तार बोटांत धरून दोन बाजूंना हलके ताणा, तुटलेल्या जागी रबरासारखी लांबते.

चहाबाज_कोथरूड
लोकहो, सापडलं!! बॅटरीच्या ट्रेखाली. सप्टेंबरमध्ये बॅटरी बदलली होती, बसवणाऱ्यानं ट्रेची पट्टी वायरिंगच्या नळीवरच आवळली होती. वरून नुसता एक चपटा वळ दिसत होता. तपकिरी तार ताणली तर च्युइंगमसारखी लांब झाली, ब्लेडनं सोलली तर आत हिरवी पूड आणि तीन धागे तांब्याचे एकमेकांना जेमतेम टेकलेले. खड्डा आला की सुटायचे, गुळगुळीत रस्त्यावर टेकायचे. चेक इंजिनचा दिवा येऊन जायचा त्याचं गुपित हेच.

एका ओळखीच्या वायरमनला बोलावलं, त्यानं खराब तुकडा कापून नवीन तार सोल्डर केली, वर हीट श्रिंक स्लीव्ह, पट्टीची जागा बदलली. २५० रुपये आणि एक चहा.

बेरकी_म्हापसा
सोल्डर? कंप असतो तिथे सोल्डर कडेला कडक होऊन तुटतो. क्रिंप करायला हवं होतं.

बंडू_स्पॅनर
वीस वर्षं सोल्डर करतोय, एक तुटला नाही. क्रिंपमध्येच पाणी शिरतं.

बेरकी_म्हापसा
चांगल्या क्रिंपमध्ये नाही शिरत. रस्त्यावरच्या पक्कडीनं दाबलं तर शिरणारच.

घाटमाथा
दोघंही बरोबर, जोडाला आधार दिला असेल तर काहीही चालतं. वायरिंगला टेपनं नीट बांधून घ्या म्हणजे जोडावर वजन येणार नाही. यावर वेगळा धागा काढा, शंभरी नक्की.

वैदर्भी
अभिनंदन चहाबाज! आता फॅन?

चहाबाज_कोथरूड
आज हिंजवडीला जाऊन आलो. सकाळी चावी फिरवली, शांतता. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सिग्नलला ९६ ला फॅन लागला, ९१ ला बंद. दोन तास कोड नाही, उणे ४० नाही. ॲव्हरेज टाकी संपल्यावर सांगतो.

जुना_चालक_सातारा
आता कराडला येता-जाता वाटेत साताऱ्यात थांबा. माझ्या गाडीचा काटा हेडलाइट लावले की दोन रेघा वर जातो, बंद केले की खाली. पाणी पूर्ण आहे. आता तुमच्याकडे मीटर आहे आणि पातेलंही.

ओहमकार
काका, दिवे लावल्यावर काटा हलतो म्हणजे अर्थिंग. इंजिनाकडून बॉडीला येणारी पट्टी किंवा डॅशबोर्डचं अर्थिंग गंजलंय. नट काढून सँडपेपर मारा, परत घट्ट करा. पातेलं नको.

चहाबाज_कोथरूड
पहिली टाकी संपली, १६.४. आणि काल त्या गॅरेजमधून फोन आला होता, "साहेब, हेडचं काय ठरलं?" मी म्हटलं, बॅटरीचा ट्रे जरा आवळून बसला होता, तो सैल केला. पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही.

खिडकीतली_सीट
त्याचंही ग्राउंड तुटलं असेल.

जुना_चालक_सातारा
सँडपेपर मारला. काटा आता हलत नाही. पण हेडलाइटच लागत नाहीत.

ओहमकार
काका, कुठला नट सोडलात? फोटो टाका.